‘आर्थर न्यूमन’: पळून जाणारा माणूस पटतो, मग चित्रपट का पटत नाही?

शेवटची रांग

गेल्या शनिवारी रात्री ‘आर्थर न्यूमन’ हा चित्रपट पाहिला. त्याने मला निराश केले, पण नेमके का केले हे मला स्वतःला नीट सांगता येत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

चित्रपट २०१२ साली टोरांटोच्या महोत्सवात प्रथम दाखवला गेला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत प्रदर्शित झाला. कॉलिन फर्थ आणि एमिली ब्लंट प्रमुख भूमिकांत आहेत. दिग्दर्शक डान्टे एरिओला जाहिरातपटांच्या क्षेत्रातून आलेले असून त्यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट आहे आणि पटकथा बेकी जॉन्स्टन यांची आहे. ‘द किंग्ज स्पीच’साठी ऑस्कर मिळून फर्थला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते, त्यामुळे अपेक्षा मोठी होती. समीक्षकांनी मात्र फारसे स्वागत केले नाही, हे मला नंतर कळले.

पुढे कथानक शेवटासह सांगते आहे. ज्यांना चित्रपट पाहायचा असेल, त्यांनी इथेच थांबावे.

वॅलेस एव्हरी हा फ्लोरिडात राहणारा घटस्फोटित गृहस्थ आहे. एके काळी तो व्यावसायिक गोल्फ खेळत असे, पण मोक्याच्या क्षणी त्याचा हात आखडत असे, आणि त्यातच ते स्वप्न संपले. आता कुरिअर कंपनीतली नोकरी आहे, न बोलणारा किशोरवयीन मुलगा आहे आणि मीना नावाची मैत्रीण आहे, जिच्या सहवासात कसलीच ऊब उरलेली नाही. एके दिवशी तो समुद्रकिनाऱ्यावर आपले सामान ठेवून बुडून मेल्याचा देखावा करतो, विकत घेतलेल्या कागदपत्रांच्या आधारे ‘आर्थर न्यूमन’ होतो आणि इंडियाना राज्यातल्या टेरा होट या गावाकडे निघतो, कारण तिथल्या गोल्फ क्लबमध्ये आपल्याला शिक्षकाची जागा मिळेल असे त्याला वाटत असते. वाटेत एका मोटेलपाशी नशेने बेशुद्ध पडलेली ‘माइक’ त्याला भेटते. तिचे नावही खरे नाही. ती शार्लट आहे आणि माइक ही तिची मानसिक आजारामुळे रुग्णालयात असलेली जुळी बहीण आहे. हे दोघे मिळून पुढचा प्रवास करतात, वाटेत रिकाम्या घरांत शिरतात, त्या घरांतल्या माणसांचे कपडे घालतात आणि काही काळ तीच माणसे होऊन राहतात. शेवटी दोघेही आपापल्या माणसांकडे परततात.

एवढी सुपीक कल्पना, दोन समर्थ नट, आणि तरीही चित्रपट संपल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे उद्याच्या भाजीचा विचार. मी या विषयाची अनुकूल प्रेक्षक होते, हे इथे नोंदवायला हवे. स्वारगेटला घरच्या गाडीची वाट पाहत असताना समोरच्या फलाटावर उभ्या असलेल्या भलत्याच गावाच्या गाडीत चढून बसावे, असे मला एकवीस वर्षांच्या नोकरीत कितीतरी वेळा वाटलेले आहे.

तर प्रश्न असा, की चुकले कुठे? नटांचे, पटकथेचे, की स्वतःच्या आयुष्यातून पळून जाणे हा विषयच असा आहे की तो मनात जितका रंगतो तितका पडद्यावर रंगत नाही?

भरतवाक्य

विषयाचा दोष नाही, असे मी ठामपणे म्हणेन, कारण हाच विषय १९७५ साली मिकेलांजेलो अंतोनिओनी यांनी ‘द पॅसेंजर’मध्ये हाताळला आहे आणि तो चित्रपट मी चार वेळा पाहूनही माझ्या अंगावरून उतरलेला नाही. दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहिले की ‘आर्थर न्यूमन’ कुठे घसरला ते बरेच स्पष्ट होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

‘द पॅसेंजर’मध्ये जॅक निकोल्सनने डेव्हिड लॉक नावाच्या वार्ताहराची भूमिका केली आहे. तो आफ्रिकेत, चाड या देशात, बंडखोरांवर वृत्तपट करण्यासाठी आलेला आहे. सुरुवातीच्या काही मिनिटांत जवळजवळ काहीच घडत नाही, पण जे घडते ते नेमके आहे. वाटाड्या त्याला मध्येच सोडून जातो, कोणीही त्याच्या प्रश्नांना उत्तर देत नाही, आणि मग त्याची जीप वाळूत रुतते. तो फावड्याने त्या जीपवरच प्रहार करतो, ओरडतो आणि वाळूत गुडघे टेकतो. या माणसाला कशाचा वीट आला आहे, हे कोणी सांगत नाही, पण त्यानंतर हॉटेलातल्या शेजारच्या खोलीत रॉबर्टसन नावाचा ओळखीचा माणूस मेलेला सापडतो आणि लॉक शांतपणे दोघांच्या पासपोर्टांवरची छायाचित्रे बदलायला बसतो, तेव्हा आपल्याला एका क्षणासाठीही ‘हे असे का?’ असा प्रश्न पडत नाही. छायाचित्रे बदलत असताना टेपवर दोघांचे पूर्वीचे संभाषण चालू आहे. कॅमेरा खोलीतून हळूच सज्जाकडे वळतो आणि तिथे ते दोघे जिवंत, बोलत उभे दिसतात. मधे कुठेही तोड नाही. मेलेला आणि मरू पाहणारा एकाच चौकटीत येतात.

आता वॅलेसकडे पाहा. त्याचे आयुष्य कंटाळवाणे आहे हे आपल्याला कळते, पण ते त्याचे आयुष्य आहे असे कुठेच वाटत नाही. फिकट प्रकाश, रिकामी घरे, तुटक संवाद, गप्प मुलगा: असा कंटाळा कोणाचाही असू शकतो. माणूस पळतो तो ‘कंटाळा’ या भाववाचक नामापासून पळत नाही. दर मंगळवारी त्याच्या टेबलाशी येऊन तोच विनोद करणाऱ्या सहकाऱ्यापासून तो पळतो, न दुरुस्त झालेल्या नळापासून पळतो, मुलाच्या दप्तराच्या विशिष्ट आदळण्यापासून पळतो. असे काहीही चित्रपट आपल्या हाती देत नाही. जे सोडले त्याचे वजन आपण कधी उचललेलेच नसते, त्यामुळे ते खाली ठेवल्यावर मोकळे वाटत नाही.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. लॉक जे नवे नाव घेतो, ते कोरे नाही. रॉबर्टसनच्या डायरीत भेटींच्या तारखा लिहिलेल्या आहेत. लॉक कुतूहलाने त्या पाळू लागतो आणि त्याला कळते की हा मृत गृहस्थ बंडखोरांना शस्त्रे विकत होता. म्हणजे स्वतःची बंधने टाकून निघालेला माणूस दुसऱ्याच्या बंधनांत जाऊन पडतो, आणि चित्रपटाचा सगळा ताण तिथून येतो. वॅलेसचे नवे नाव मात्र दुकानातून आणलेल्या वहीसारखे स्वच्छ आहे. आर्थर न्यूमनचे कोणाकडे देणे नाही, त्याला कोणी शोधत नाही, कोणी त्याच्यावर चिडलेले नाही. जुने आयुष्य पुसट आणि नवे आयुष्य कोरे, अशा दोन रिकाम्या पानांमध्ये फर्थसारखा नट तरी काय करणार? एकदा माझ्या मनात असे आले, की टेरा होटच्या वाटेवर कोणीतरी ‘अरे आर्थर, तू!’ म्हणून मागून हाक मारली असती, तर तेवढ्यानेच हा चित्रपट वाचला असता.

कोपऱ्यातली खुर्ची

वरचा प्रतिसाद वाचून ‘द पॅसेंजर’ पुन्हा पाहावासा वाटला, पण ‘आर्थर न्यूमन’वर थोडा अन्याय झाला आहे असेही वाटते. अंतोनिओनींच्या उंचीशी मापल्यावर कोणीही बुटकेच दिसणार.

माझ्या मते वॅलेसचे पुसटपण हे चित्रपटाचे अपयश नसून त्याचा विषय आहे. लॉक हा नामवंत वार्ताहर आहे. त्याच्या नाहीसे होण्याची बातमी होते आणि त्याच्या कामावर दूरचित्रवाणीवाले श्रद्धांजलीचा कार्यक्रम करू लागतात. वॅलेस नाहीसा झाला तर कंपनी दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा माणूस बसवील. असा माणूस स्वतःलाच पुसट दिसत असतो, आणि फर्थने ते खांद्यांतून, चालण्यातून आणि विशेषतः हसू येण्यापूर्वी थांबण्याच्या त्याच्या सवयीतून चांगले दाखवले आहे. फर्थ आणि ब्लंट हे दोघे इंग्रज नट अमेरिकन उच्चारांत बोलतात, यावर काही प्रेक्षक नाराज असतात. मला मात्र तो या चित्रपटापुरता लाभच वाटला. दोघेही पहिल्या वाक्यापासून स्वतःचा आवाज लपवून बोलत आहेत, हे ओळखीच्या कानाला जाणवत राहते आणि कथेला ते शोभते.

रिकाम्या घरांतले प्रसंग तर मला खरोखर आवडले. पळून जाणाऱ्याला ‘कोणीच नसणे’ हवे असते असे आपण धरून चालतो, पण हे दोघे ज्या उत्साहाने दुसऱ्यांच्या कपाटांतले कपडे अंगावर चढवतात, त्यांच्या नावाने एकमेकांना हाका मारतात आणि त्या नावांच्या आडूनच प्रथम जवळ येतात, त्यावरून त्यांना कोणीतरी असणेच हवे आहे, फक्त ते संध्याकाळपुरते हवे आहे, असे दिसते. आपल्याकडे लहान मुले भातुकलीत जे करतात ते पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा माणूस करतो आहे, आणि त्यात हास्यास्पद असे काही नाही, हे त्या प्रसंगांनी मला पटवले.

मग मला चित्रपट कुठे खटकला, तर तो प्रत्येक गोष्टीला कारण चिकटवतो तिथे. वॅलेस का पळाला, तर गोल्फमध्ये दडपणाखाली कोसळला म्हणून. शार्लट का पळाली, तर जुळ्या बहिणीचा आजार आपल्यालाही होईल या भीतीने. वैद्याने आजाराचे नाव लिहून चिठ्ठी हातात द्यावी तसे हे आहे. कारण कळले की उपायही ठरलेलाच असतो, म्हणून शेवटी त्याला मुलाकडे आणि तिला बहिणीकडे पाठवून पटकथा हात झटकते. घरांतल्या त्या खेळांनी जे धाडस केले होते, ते या शेवटाने परत घेतले.

सहप्रवासी

चित्रपट पाहिलेला नाही, तरी एक आठवण झाली म्हणून थोडक्यात लिहितो. इम्तियाज अली यांच्या २०१५ सालच्या ‘तमाशा’त वेद आणि तारा कॉर्सिकात खरी नावे न सांगण्याच्या अटीवर भेटतात आणि तो भाग सुरेख जमला आहे. नंतर वेदची दिल्लीतली नोकरी दाखवताना तेच तेच दिनक्रम इतक्या यांत्रिकपणे पुन्हा पुन्हा येतात, की त्याच्याबरोबर आपलीही नोकरी सोडावीशी वाटू लागते. ‘भरतवाक्य’ यांचा मुद्दा तिथेही लागू पडतो. आयुष्य कंटाळवाणे आहे हे दाखवायला ते कोणाचेच नसलेले दाखवणे, ही पळवाट आहे.

कोर्टकचेरी

धाग्याच्या विषयाला धरूनच, पण थोड्या वेगळ्या बाजूने लिहितो, कारण किनाऱ्यावर कपडे ठेवून मरण्याचा देखावा हा पटकथाकाराच्या डोक्यातून आलेला प्रकार नाही.

जॉन स्टोनहाउस हे ब्रिटनमधले मजूर पक्षाचे खासदार आणि माजी मंत्री होते. नोव्हेंबर १९७४ मध्ये त्यांनी मायामीच्या किनाऱ्यावर, म्हणजे वॅलेसच्याच फ्लोरिडात, कपडे ठेवले आणि ते नाहीसे झाले. त्यांच्या मतदारसंघातल्या दोन मृत व्यक्तींची नावे त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती. ते मेलबर्नला पोहोचले आणि दोन बँकांत दोन नावांनी व्यवहार करताना एका बँक कर्मचाऱ्याच्या डोळ्यांवर आले. पोलिसांनी त्यांच्यावर पाळत ठेवली, पण पोलिसांचा संशय भलताच होता. त्याच महिन्यात लंडनमधून खुनाच्या संशयावरून लॉर्ड लुकन हे बेपत्ता झाले होते आणि हा माणूस तोच असावा असे त्यांना वाटत होते. २४ डिसेंबरला पकडल्यावर स्टोनहाउस यांना पायावरचा व्रण दाखवायला सांगितले गेले, कारण लुकनच्या पायावर तसा व्रण होता. म्हणजे स्वतःचे नाव टाकून पळालेला माणूस तिसऱ्याच्याच नावाने सापडला. १९७६ साली त्यांना फसवणुकीसह अनेक गुन्ह्यांसाठी सात वर्षांची शिक्षा झाली. मागून कोणीतरी ‘अरे आर्थर, तू!’ अशी हाक मारायला हवी होती, असे वर म्हटले आहे. इथे ती हाक अक्षरशः मारली गेली.

दुसरे उदाहरण जॉन डार्विन यांचे. मार्च २००२ मध्ये ईशान्य इंग्लंडमधल्या सीटन कॅर्यू इथे ते लहान होडी घेऊन समुद्रात गेले आणि परतले नाहीत. पत्नीने विम्याचे पैसे घेतले. दोन्ही मुलगे वडील गेले असे समजून दुःख करत राहिले. प्रत्यक्षात हे गृहस्थ बराच काळ शेजारच्याच, स्वतःच्याच मालकीच्या घरात राहत होते आणि कपाटाआडच्या भिंतीतल्या भोकातून आपल्या घरात ये-जा करत होते. डिसेंबर २००७ मध्ये ते स्वतःहून लंडनच्या पोलीस ठाण्यात गेले आणि काही आठवत नाही असे म्हणाले. थोड्याच दिवसांत पती-पत्नीचे पनामातले हसरे छायाचित्र बाहेर आले आणि २००८ साली दोघांनाही सहा वर्षांहून अधिक शिक्षा झाली.

ही हकीकत वाचताना मला नॅथॅनिएल हॉथॉर्न यांची १८३५ सालची ‘वेकफील्ड’ ही कथा आठवली. त्यात लंडनचा एक गृहस्थ घर सोडतो आणि पलीकडच्याच रस्त्यावर खोली घेऊन वीस वर्षे आपल्या पत्नीला दुरून पाहत राहतो. त्याच कल्पनेवर ई. एल. डॉक्टरो यांनी २००८ साली नवी कथा लिहिली आणि तिच्यावर रॉबिन स्विकॉर्ड यांनी २०१६ साली ब्रायन क्रॅन्स्टनला घेऊन चित्रपट केला. त्यात नायक गॅरेजवरच्या माळ्यावर लपून स्वतःचे घर पाहत बसतो. तो चित्रपटही निर्दोष नाही, पण पळणाऱ्याला गाव बदलायचे नसते, आपल्याशिवायचे आपले घर पाहायचे असते, ही गोष्ट त्याने पकडली आहे. ‘आर्थर न्यूमन’ने टेरा होटची वाट धरली आणि ही गोष्ट फ्लोरिडातच सोडून दिली.

जाता जाता आपल्या कायद्याबद्दल. ज्यांना बातमी कळणे स्वाभाविक होते, त्यांना सात वर्षे एखाद्याची काहीच खबर नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम १०८ होते आणि आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात १११ आहे. मात्र कायदा मृत्यू गृहीत धरतो, मृत्यूची तारीख गृहीत धरत नाही. ती सांगायची असेल तर पुरावा द्यावा लागतो, आणि तोवर विम्याची पॉलिसी जिवंत ठेवायची असेल तर नाहीशा झालेल्या माणसाचे हप्ते घरच्यांना भरत राहावे लागतात.

गाथासप्तक

आपल्या परंपरेत पळून जाण्याची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट लग्नाच्या मांडवातली आहे. जांब गावचा नारायण ठोसर बारा वर्षांचा असताना बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द ऐकून पळाला, अशी समर्थ रामदासांची कथा सांगतात. आपण ती वैराग्याची कथा म्हणून ऐकतो, म्हणून तिच्यातले व्यावहारिक तपशील लक्षात येत नाहीत. त्याने नाव बदलले, गाव बदलले, नाशिकजवळच्या टाकळीत बारा वर्षे तप केले, मग बारा वर्षे देशभर फिरला, आणि त्यानंतर परंपरा सांगते की तो जांबेला आला तेव्हा आईची दृष्टी गेलेली होती. तिने त्याला आवाजावरून ओळखले.

मला इथे एवढेच म्हणायचे आहे, की या कथेत परत येणे आहे, पण ते फुकट नाही. चोवीस वर्षे गेली आहेत आणि त्यांची किंमत एका म्हातारीच्या डोळ्यांत दिसते. पुढे त्यांनी आपल्या स्पर्शाने तिची दृष्टी परत आणली हेही परंपरा सांगते, पण आधी ती दृष्टी जाऊ देण्याचे धैर्य या कथेत आहे. वॅलेस मुलापाशी परत येतो तेव्हा त्या मुलाचे काय गेले आहे? मेलेल्या बापासमोर उभे राहणाऱ्या मुलाचा प्रसंग हा खरे तर चित्रपटाचा गाभा होऊ शकला असता. तो हिशेब मांडायची वेळ येते आणि चित्रपट आवरता घेतला जातो.

उत्तररात्र

मी सहसा इथे फक्त वाचतो, पण वरचे दोन प्रतिसाद वाचून लिहावेसे वाटले.

माझे धाकटे काका लालबागला राहत होते आणि गिरणीत कामाला होते. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला. पहिले वर्ष त्यांनी काढले, आणि १९८३ च्या पावसाळ्यात ‘गावी येतो’ असे पत्र पाठवून ते खोलीतून निघाले, ते आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावी पोहोचलेच नाहीत. पळाले, की वाटेत काही झाले, हे आजतागायत कळलेले नाही. घरात मात्र ‘गेला’ हा शब्द कोणी वापरत नसे. ‘निघाला’ असेच म्हणत.

मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. मला आठवते ते दुःख नाही, मला आठवतात त्या अडचणी. दूरदर्शनवर ‘आपण यांना पाहिलंत का’मध्ये काकांचे छायाचित्र दाखवले गेले, तेव्हा गावातल्या एकुलत्या एका टीव्हीसमोर आम्ही सगळे बसलो होतो आणि ते छायाचित्र इतक्या लवकर सरकले की आजीला ते दिसलेच नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंना बोलवावे की नाही, हे शेजारणींना कळेना, त्यामुळे बोलावणे यायचे ते उशिरा आणि लहान मुलीच्या हाती. पितृपंधरवड्यात पान ठेवायचे तर मृत्यूची तिथी हवी. ती नसेल तर सर्वपित्री अमावस्या आहे, पण ते करणे म्हणजे कबूल करणे. विम्याचा एक लहानसा हप्ता होता, तो आजोबा भरत राहिले. वकिलांनी सात वर्षे थांबायला सांगितले होते आणि भटजींनी बारा.

हे सगळे माहीत असल्यामुळे मी ‘आर्थर न्यूमन’ पाहिला तेव्हा माझे लक्ष वॅलेसकडे नव्हतेच. त्याच्या मागे त्याच्या घरात मीना आणि तो मुलगा भेटतात आणि ज्या माणसाशी दोघांचेही धड जमत नव्हते त्याच्या वस्तूंत त्याला शोधू लागतात, तेवढे तुकडे मला खरे वाटले. दोन परकी माणसे एका नाहीशा झालेल्या माणसामुळे एका टेबलाशी बसली आहेत आणि त्यांच्याकडे त्याच्याविषयी बोलण्यासारखे फार थोडे आहे. मीनाची भूमिका करणाऱ्या ॲन हेशने तो अवघडलेपणा फार संयमाने केला आहे. पण कॅमेरा तिथे दोन-तीन मिनिटे थांबतो आणि घाईने रस्त्यावरच्या जोडीकडे परततो, जणू मागे राहिलेले म्हणजे फक्त मधली विश्रांती. माझी निराशा तिथली आहे. चित्रपट चुकीच्या माणसाबरोबर गाडीत बसला.

भरतवाक्य

‘उत्तररात्र’ यांचा प्रतिसाद वाचून माझ्या आधीच्या लिखाणात एक दुरुस्ती करावीशी वाटते. सोडलेल्या आयुष्याचे तपशील वॅलेसच्या दिनक्रमात हवे होते असे मी म्हटले होते. ते त्याच्या जाण्यानंतर दाखवले असते तरी चालले असते, किंबहुना अधिक परिणामकारक झाले असते. ‘द पॅसेंजर’मध्येही लॉकची पत्नी त्याच्या मृत्यूच्या बातमीनंतर त्याने घेतलेल्या मुलाखतींची चित्रफीत पाहू लागते आणि मग त्याच्या शोधात निघते. अखेरीस ती त्याच्या मृतदेहापाशी उभी असताना पोलीस तिला विचारतात, ‘हे तुमच्या ओळखीचे आहेत का?’, आणि ती सांगते की मी याला कधीच ओळखत नव्हते. सोबत फिरलेली मुलगी त्याच प्रश्नाला ‘हो’ म्हणते. त्याआधीचे, खोलीच्या खिडकीच्या गजांतून बाहेर सरकत जाणारे सुमारे सात मिनिटांचे अखंड दृश्य सगळ्यांच्या तोंडी असते, पण माझ्या मनात ती दोन उत्तरे राहिली आहेत.

शेवटची रांग

सर्वांचे आभार. काल रात्री रिकाम्या घरांतले प्रसंग तेवढे पुन्हा पाहिले आणि ‘कोपऱ्यातली खुर्ची’ यांच्याशी मी सहमत झाले. ते खरोखर चांगले आहेत. मात्र या वेळी माझे लक्ष दुसरीकडेच गेले. त्या घरांचे मालक परत येतील तेव्हा त्यांना आपले कपडे वेगळ्या खुंटीवर दिसतील, बशी ओली सापडेल, आणि काय झाले ते त्यांना कधीच कळणार नाही. स्वारगेटच्या त्या फलाटावर उभी असताना मी नेहमी गाडीतल्या माझा विचार केला आहे. घरी कोणत्या कपाटाची किल्ली कोणाला सापडणार नाही, याचा एकदाही केला नव्हता.

‘उत्तररात्र’, विचारणे योग्य आहे की नाही हे कळत नाही, आणि उत्तर द्यायलाच हवे असेही नाही. पण तुमच्या काकूंनी शेवटी सात वर्षे धरली की बारा?

उत्तररात्र

विचारण्यात गैर काही नाही. काकूंनी बारा धरली. १९९५ च्या पावसाळ्यानंतर पळसाच्या पानांचा पुतळा करून विधी केला आणि न्यायालयातला अर्ज त्यानंतर दिला, कारण आधी कागदावर मारून मग घाटावर नेणे त्यांना पटत नव्हते. रेशनकार्डावरचे नाव मात्र त्याच्या कितीतरी आधी, नवीन कार्डे आली तेव्हा, पुरवठा कार्यालयातल्या कारकुनाने ‘इथे राहत नाहीत ना?’ एवढेच विचारून वगळले होते.